ट्रायँगलचा चुकलेला ठोका

“ते सगळं राहू द्या मास्तर. चूक आहे की नाही, तेवढंच सांगा.”

दिगंबर सबनीस तिसऱ्यांदा विचारत होते. कोल्हापूरहून पहाटेची एसटी धरून, आंबोलीचा घाट उतरून वेंगुर्ल्याजवळच्या या वाडीत ते आले होते, ते काही समुद्र बघायला नव्हे.

आगुस्तीनमास्तर ओट्यावर बसून कोकमासाठी रातांबे फोडत होते. गर पातेल्यात, साल सुपात. हात मनगटापर्यंत लाल झालेले. वय पंच्याऐंशी. वाडीतली पोरं त्यांच्याकडे व्हायोलिन शिकायची, मोठी माणसं नुसतीच येऊन बसायची. मास्तरांकडे घटकाभर बसलं की डोकं ताळ्यावर येतं, म्हणायची.

तरुणपणी मास्तर मुंबईत सिनेमाच्या गाण्यांत वाजवायचे. व्हायोलिन नव्हे, ट्रायँगल. लोखंडी सळीचा तो त्रिकोण, काडीनं टोला दिला की किणकिणतो. अख्ख्या गाण्यात त्यांच्या वाट्याला थोडेसेच ठोके यायचे.

“पुन्हा एकदा सांगा,” मास्तर म्हणाले. “भांडण कशावरून म्हणालात?”

आता भांडण म्हणजे काय, हौसेनं ओढवून घेतलेलं. कोल्हापुरात सबनीसांचं एक गानमंडळ होतं. दर रविवारी दहा-बारा म्हातारे जमायचे, जुनी गाणी ऐकायचे, चहा प्यायचे आणि गुण्यागोविंदानं घरी जायचे. दिवाळीत कुणाला तरी अवदसा आठवली. साठच्या दशकातलं सर्वांत श्रेष्ठ गाणं कुठलं, ते एकदाचं निवडून टाकू म्हणे! झालं. होळीपर्यंत शेकडो गाणी गळाली आणि दोन उरली. सबनीसांचं होडीचं गाणं आणि बापू शिरगुप्प्यांचं पैंजणाचं गाणं.

बापू म्हणजे चाळीस वर्षांचा जिवलग, एका ताटात जेवलेला. होळीपासून दोघांत बोलणं नाही. येत्या रविवारी निकाल. आणि सबनीस सर्वांदेखत बोलून बसलेले, “माझं गाणं हरलं, तर या मंडळाची पायरी चढणार नाही!” दिलेला शब्द मागे घेतील तर ते सबनीस कसले.

“बापूचं कारण तरी ऐका,” सबनीस म्हणाले. “म्हणतो, तिसऱ्या कडव्याच्या आधी एक जागा आहे, तिथं छातीत काहीतरी हलतं. हे काय कारण झालं, मास्तर? मी ती जागा शंभरदा ऐकली. पहिल्या कडव्याआधी तुमचा ठोका आहे. दुसऱ्याआधी आहे. तिसऱ्याआधी नाही!”

त्यांनी मोबाइल काढून पैंजणाचं गाणं लावलं.

मास्तरांची सुरी थांबली.

पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. मास्तरांनी डोळे मिटून घेतले होते.

“इथं!” सबनीसांनी गाणं बंद केलं. “चूक आहे ना?”

“आहे.”

“संगीतकारानं मुद्दाम नाही ना गाळला?”

“छे. कागदावर लिहिलेला होता. मीच चुकलो.”

सबनीसांना उठून नाचावंसं वाटलं. इतके महिने जीव आटवला होता त्याचं आज चीज झालं.

“कान तिखट आहे तुमचा,” मास्तर म्हणाले. “साठ वर्षांत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या काळी सगळे एकदम वाजवायचे. एक चुकला की गाणं पहिल्यापासून. मी आपला गप्प बसलो… पुढच्या रविवारी चर्चमध्ये जाऊन फादरना कबुली दिली.”

“मग? काय म्हणाले फादर?”

“म्हणाले, ते गाणं जरा गुणगुणून दाखव.”

“आणि?”

“दाखवलं. प्रायश्चित्त द्यायचं विसरले ते.”

सबनीसांना यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. त्यांनी पिशवीतून कोरा कागद काढला.

“हे लिहून द्याल?”

“द्या की.”

मास्तरांनी हात पंच्याला पुसले आणि लिहिलं, की पैंजणाच्या गाण्यात तिसऱ्या कडव्याआधीचा ठोका माझ्या हातून राहिला. खाली सही केली. कागदाच्या कडेला रातांब्याचा लाल अंगठा उमटला. सबनीस म्हणाले, उमटू दे, पुरावा आणखी पक्का.

इथंच उठून वाटेला लागले असते तर बरं झालं असतं. पण जिंकलेल्या माणसाची जीभ कुठली स्वस्थ बसते!

“एवढं कसं काय चुकलात? डुलकी लागली होती?”



“ठोका यायच्या आधी मनात मोजत राहावं लागतं, साहेब. बत्तीस वेळा ठेका फिरतो, मग काडी उचलायची. त्या दिवशी अकरापर्यंत मोजलं…”

“अकरापर्यंत. मग?”

“बाई गात होत्या…”

सबनीस वाट बघत राहिले. परसात माडाची एक झावळी पडली, तिच्याकडेही मास्तरांनी पाहिलं नाही.

“ऐकत बसलो,” ते म्हणाले. “भानावर आलो तोवर जागा निघून गेली होती.”

सबनीसांना एकदम बापूचा चेहरा आठवला. ती जागा आली की खाली मान घालून बसणारा बापू. पण माघार घ्यायला का इतका घाट उतरले होते? त्यांनी कागद पुन्हा पुढे सरकवला.

“आणखी एक ओळ लिहा. होडीच्या गाण्यातही तुम्हीच होता. त्यात काही चूक?”

“एकसुद्धा नाही.”

“नक्की?”

“बावीस ठोके. बावीसच्या बावीस जागच्या जागी. डोळ्यांत तेल घालून मोजले होते.”

“लिहा!”

मास्तरांनी तेही लिहिलं, पुन्हा सही केली आणि कागद सबनीसांच्या हातात दिला. सबनीसांनी तो दोनदा वाचला. होळीपासून एवढं मोकळं त्यांना वाटलं नव्हतं.

“म्हणजे निकाल लागला! एकात चूक, दुसरं निर्दोष. मग श्रेष्ठ कुठलं? होडीचंच ना? एकदा तोंडानं म्हणा मास्तर, म्हणजे मी निघतो.”

मास्तरांनी नवा रातांबा उचलला. फोडला नाही, तसाच हातात धरून राहिले.

“ते कसं म्हणू, साहेब… ते गाणं मी अजून ऐकलेलंच नाही.”