गोट्यांचा तट कोणी बांधला?

परवानगीशिवाय तट बांधल्याबद्दल खडपेवाडीच्या कोळ्यांना हद्दपारीचा हुकूम झाला. तट म्हणजे काय, तर किनाऱ्यावरचा गोट्यांचा उंच बांध. तो समुद्रानेच घातलेला, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण दरबारात शेंबडी पोरं नव्हती, जाणकार मंडळी होती.

झालं असं, की राजे मानाजी आषाढातला समुद्र पाहायला आले आणि त्यांना समुद्राआधी पुरुषभर उंचीचा बांध दिसला. हे बंडच! कारभारी लगेच म्हणाले, की आपल्याला हा वास कधीचाच येत होता. वास सुक्या मासळीचा होता, पण ते असो. हुकूम निघाला: ज्याचे दगड त्या तटात असतील, त्याने तो आठ दिवसांत स्वतःच्या हाताने उपसावा आणि राज्य सोडून चालतं व्हावं.

यमुनीची झोपडी बांधाला लागूनच होती. बांध गेला, तर लाट थेट तिच्या चुलीत येणार होती. तिचं डोकंच फिरलं. जाळ्यांना वजनं म्हणून बांधायचे गोटे निवडण्यात तिची हयात गेली होती. कुठला गोटा कुठे सापडतो, हे ती डोळे मिटून सांगू शकली असती. ती तडक दरबारात गेली आणि तट समुद्राने बांधलाय म्हणून सांगून मोकळी झाली.

"मग आण त्याला साक्षीला," राजे म्हणाले. दरबार खो खो हसला. हसण्याचाच पगार होता.

"आणते," यमुनी म्हणाली. "अमावास्येचं उधाण तेवढं होऊ द्या."

तिने मागितलं ते एवढंच: पन्नास चपटे आणि पन्नास गोल गोटे घ्यावेत, प्रत्येकावर राजचिन्हातला मोर कोरावा, म्हणजे कोळ्यांनी लबाडी केली असं कोणी म्हणायला नको. दगडांवरही आपला मोर बसणार म्हणून राजे खूश झाले. कारभाऱ्यांनी गोटे स्वतः पाण्याच्या काठाला मांडले. कोळ्यांना टेकडीवर पाठवून किनाऱ्यावर शिपाई उभे केले.

अमावास्येला समुद्र दिवसभर खवळला. शूर शिपाई कोळ्यांच्या आधी टेकडीच्या माथ्यावर पोचले.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला राजे पाहायला आले. मोरवाले गोल गोटे खाली पाण्याजवळच घुटमळत होते. चपटे मात्र बांधाच्या माथ्यावर ऐटीत बसले होते.

"लाट सगळ्यांनाच वर आणते, महाराज," यमुनी म्हणाली. "गोल गोटा परतीच्या पाण्यासंगं गडगडत खाली जातो. चपटा बसतो तिथंच. खालचे बारके वरंबे रोजच्या भरतीचे, आन् हा वरचा वादळाचा."

राजांना पटलं. कोळी सुटले. पण कारभाऱ्यांचं नाक खाली येईना. निघालेला हुकूम मागे घेतला तर राज्याची अब्रू काय राहील, तट उपसलाच पाहिजे, असा त्यांनी धोशा लावला.

"कारभारी बरोबर बोलतायत," यमुनी म्हणाली. तिने बांधावरचा एक चपटा गोटा उचलून राजांच्या हातात ठेवला. मोर स्पष्ट दिसत होता. "ज्याचे दगड तटात, त्यानं तो उपसायचा. फावडं आणू, महाराज, का हातानंच सुरू करताय? आन् राज्य सोडून कुठं जायचं ठरवलंय?"

राजांनी मोर पाहिला आणि ते पोट धरून हसत सुटले.

हुकूम तिथेच फाडला गेला. बांध खडपेवाडीला कायमचा लिहून मिळाला, यमुनीला जरीचं लुगडं मिळालं. आणि पाण्यातले पन्नास गोल गोटे तिच्या जाळ्यांसाठी वेचून, डोक्यावरून तिच्या दारात पोचवण्याचा मान खुद्द कारभाऱ्यांना मिळाला.