देवाचं उजवं

आटपाट रान होतं. रानात लोकशाही होती, आणि लोकशाहीच्या वर एक शेंदूर फासलेला दगड होता. दर पाच वर्षांनी जनावरं मतं देत आणि राजा निवडत. राजाने हुकूम काढला, की तो पहाटे दगडापुढे मांडायचा. पुजारी नरहरबुवा वानर दगडाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवत. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. तोवर राजाने हात जोडून उभं राहायचं, एवढाच राज्यकारभार.

यंदा निवडून आली सगुणा साळिंदर. तिने एकच वचन दिलं होतं, देवाचं तळं सगळ्यांना खुलं करीन. दुष्काळाने बाकीचे पाणवठे आटले होते आणि तळ्यावर देवाचे सेवेकरी म्हणून लांडगे बसले होते. देव पाणी पीत नसे, त्यामुळे त्याच्या वाट्याचंही तेच पीत. इकडे सगुणेचं धाकटं पिल्लू चार दिवस बिळात जीभ टाकून पडलं होतं.

हुकूम निघाला. डावी पाकळी पडली. पुन्हा निघाला, पुन्हा डावी.

"देवाच्या मनात नाही, राणीसाहेब," बुवा म्हणाले. "आम्ही काय, निमित्तमात्र."

तिसऱ्या खेपेलाही डावीच पडली, तेव्हा सगुणेने उजवीजवळ नाक नेलं. मधाच्या पोळ्याचा वास आला. पाकळीखाली मेण होतं. रागाने तिचे काटे उभे राहिले. पण बुवांवर आळ घेणं म्हणजे देवावर घेणं, आणि त्याची शिक्षा लांडगे जागेवरच देत.

"उद्या कौल भर दुपारी लावू," ती म्हणाली. "पहाटे देवाचा डोळा लागत असेल."

बुवांना नाही म्हणायला कारण सुचेना. दुसऱ्या दिवशी दुपारी दगड तव्यासारखा तापला, मेण वितळलं आणि उजवी पाकळी टपकन खाली आली. हरणं रडायलाच लागली. सगुणा पिल्लाला आणायला धावत वळली.

"थांबा," बुवा म्हणाले. "देवाचं तोंड आपल्याकडे आहे. म्हणजे आपलं उजवं ते देवाचं डावं. कौल नकाराचा आहे."

"मग गेल्या तीन वेळा?"

"तेव्हा देवाने तुमच्या-आमच्या बाजूने पाहिलं होतं. आज स्वतःच्या बाजूने पाहिलं."

लांडग्यांनी देवाचा जयजयकार केला. मागोमाग हरणांनीही केला, त्यांना सवय होती.

"देव कधी कोणत्या बाजूने पाहतो, ते ठरवतं कोण, बुवा?"

बुवांनी थोरल्या लांडग्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली, तेव्हा बुवा म्हणाले, "ते आम्हा पामरांना काय कळणार?"

पिल्लू संध्याकाळी गेलं. सेवेकऱ्यांनी शेवटचं तोंडात घालायला पानभर तीर्थ पाठवलं. त्यात सगळी दुपार गेली म्हणाले, कारण त्यालाही कौल घ्यावा लागला.

पाच वर्षांनी सगुणा तेच वचन घेऊन पुन्हा उभी राहिली आणि पहिल्यापेक्षा मोठ्या बहुमताने निवडून आली. मतमोजणी अगदी चोख झाली. त्या रानात मतांना कोणी कधी हात लावत नाही. तशी गरजच पडत नाही.