कोळ्याचं राहिलेलं काम

माणसं शिवायला शिकली नव्हती, तेव्हाची गोष्ट. एका रानात शिंपीण पक्षीण आणि कोळी मिळून पाखरांना घरटी शिवून द्यायचे. धागा कोळ्याचा, टाके शिंपिणीचे.

एके सकाळी कोळी म्हणाला, "ताई, मी निघतो. आता स्वतःची जाळी विणीन म्हणतो."

बुलबुलीण आज-उद्या अंडी घालणार होती आणि तिचं घरटं अर्धंच झालं होतं.

"त्याचा धागाच कच्चा होता, असं सांगत सुट," कावळ्याने फुकटचा सल्ला दिला. "म्हणजे गिऱ्हाइकं तुला सोडून जाणार नाहीत."

"आणि आजवरची घरटी कोणत्या धाग्याने शिवली, ते काय सांगू?" शिंपीण म्हणाली. तिला कुतूहल वेगळंच होतं. तिने कोळ्याला गाठलं. "दादा, धागा मी सावरीच्या कापसाचा वळीन. पण मला न दिसणारं असं आणखी काय करायचास तू?"

कोळी आठवू लागला. "तू पुढच्या पानाकडे वळलीस, की मी मागच्या टाक्याला लोंबकळून पाहायचो. सुटला तर बांधून टाकायचो."

"मला वाटायचं, झोके घेतोयस. आणि माझे टाके सुटतच नाहीत."

"झोकेही घ्यायचो," कोळी हसला आणि निघून गेला.

शिंपिणीने धागा वळला, टाका घातला आणि त्याला पायांनी धरून उलटी लोंबकळली. टाका सुटला. तिने पुन्हा घातला, पुन्हा लोंबकळली.

बुलबुलीण वैतागली. "अगं, माझी अंडी थांबायची नाहीत. झोके कसले घेतेस?"

"झोके नाहीत गं," शिंपीण उलट्या मानेने म्हणाली. या वेळी टाका टिकला होता. "कोळ्याचं काम करतेय."