दारावरची पंगत

ग्रीसच्या डोंगराळ मुलखात पेत्रोव्रिसी नावाचे एक गाव आहे. गावामागच्या टेकडीवर धान्यदेवी डिमीटरचे देऊळ होते. त्याचा उंबरा तेवढा आता शाबूत आहे. दार फिरावे म्हणून उंबऱ्यात कोरलेले दोन खळगे शिसे ओतून बुजवलेले दिसतात. पाहुण्यांना टेकडी दाखवणाऱ्या स्तमाता आजी इथे आल्या की खाली बसतात आणि मग सांगू लागतात.

फार पूर्वी या देवळाची किल्ली मेलिता नावाच्या पुजारणीकडे असे. ज्याने देवीचे पाय धरले, त्याला राजासुद्धा ओढून नेऊ शकत नसे, अशी तेव्हाची रीत होती.

सुगीच्या सणाची आदली संध्याकाळ होती म्हणे. दिवसभर खपून मेलिताने फरशी झऱ्याच्या पाण्याने धुतली होती. ती दार ओढून घेणार, तोच एक दासी धापा टाकत टेकडी चढून आली. तिच्या टाचा फुटून रक्त येत होते. तिने दाराची कडी धरली.

"आई, आत घ्या. ते मागेच आहेत."

मेलिताची नजर त्या टाचांवर गेली. देवळात रक्त सांडले, तर शुद्धी झाल्याशिवाय सण होत नसे. मग सगळे पुन्हा पहिल्यापासून.

"आज नको गं," ती म्हणाली. "उद्या ये. पाय धुऊन ये."

तिने त्या बाईची बोटे कडीवरून एकेक करून सोडवली आणि दार लावले. बाहेर कडी वाजली. मग पुरुषांचे आवाज आले. मग काहीच नाही.

सकाळी गाव देवळात लोटले. "एवढी लख्ख फरशी आम्ही जन्मात पाहिली नाही हो, मेलिताबाई," बायका म्हणाल्या. मेलिताला मान वर करवेना.

त्या दिवशी उघडलेले दार पुन्हा लागले नाही, असे सांगतात. सुतार रंधा मारून दमला. "लाकूड पाणी प्यायलंय, उन्हाळ्यात बसेल जागेवर," तो म्हणाला. उन्हाळा गेला, दार तसेच. "देवीला वारा हवासा झालाय," म्हणून लोक हसले. मेलिता हसली नाही.

ती बंदरापर्यंत चौकशीला गेली. मळ्यामळ्यांतून हिंडली. पण शोधणार कुणाला? काय नावाने विचारणार? जाईल तिथून ती खालमानेने परतली.

शेवटी तिने दार उतरवले, खळगे बुजवले आणि ते दार दोन दगडांवर आडवे टाकले. त्यावर भाकरी मांडून ती वाटेकडे तोंड करून बसली. मरेपर्यंत दर सणाला बसली.

आजही सुगीच्या सणाला पेत्रोव्रिसीत घरोघरी एक दार उतरवून अंगणात मांडतात आणि वाटसरूला त्यावर जेवू घालतात. आधी नाव विचारतात, मग वाढतात. पाय धुवायला मात्र कुणी सांगत नाही. कडीपाशी एक भाकरी ठेवतात, तिला कुणी हात लावत नाही.

"त्या बाईचं नाव काय होतं, आजी?" पाहुण्यांपैकी कुणीतरी हमखास विचारते.

आजी बुजवलेल्या खळग्यावर हात ठेवतात.

"ते विचारायच्या आधीच आम्ही दार लावलं, बाळ."