पडद्यावरच्या पांढऱ्या भिंती

बेदाण्याची पेठ असलेल्या एका गावात एक दिव्यांचा व्यापारी होता. माणिकशेठ त्याचं नाव. घरातला एखाददुसरा बल्ब तो विकत नसे. गोदामं, कारखाने, दवाखाने, शाळा अशा मोठ्या जागांना किती दिवे लागतील आणि ते कुठे टांगायचे, याचा नकाशा काढून द्यायचा आणि मग दिवे विकायचे, असा त्याचा धंदा.

नकाशा काढायच्या वैजयंताबाई. बावीस वर्षं त्या हेच काम करत होत्या. जागेवर जायच्या, टेप लावून मापं घ्यायच्या, भिंतीवरून बोट फिरवून धूळ बघायच्या, माणसं कुठे बसतात ते विचारायच्या. मग कागद, पट्टी आणि आकडेमोड. एका गोदामाला आठ दिवस लागत. गिऱ्हाईक म्हणालं, "हा दिवा जरा तिकडं घ्या," की पुन्हा चार दिवस. तोवर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात. माणिकशेठ कपाळाला हात लावून बसे.

म्हणून शेठनं एक सॉफ्टवेअर आणलं. संगणकाच्या पडद्यावर खोलीची मापं भरायची, माऊसनं दिवा उचलायचा आणि छतावर ठेवायचा. ठेवला रे ठेवला की खाली उजेडाचे आकडे उमटत. दिवा सरकवला की आकडे बदलत. उजेड पुरेसा असला की आकडा हिरवा, कमी पडला की लाल. आठ दिवसांचं काम पाऊण तासात!

आता तुम्हाला वाटेल, मी 'जुनं ते सोनं' म्हणून गळा काढणार. मुळीच नाही. तसलं रडगाणं मला आवडत नाही. वैजयंताबाईंना ते सॉफ्टवेअर मनापासून आवडलं होतं. पहिल्या दिवशी त्या डबा खायचंसुद्धा विसरल्या. चांगलं हत्यार चांगल्या कारागिराच्या हातात पडलं की असंच होतं.

पण प्रत्येक नकाशामागे वाचलेल्या त्या सात दिवसांचं काय झालं, ते विचारा. शेठनं त्यात आणखी गिऱ्हाइकं कोंबली. वैजयंताबाईंचं जागेवर जाणं बंद झालं. टेप ड्रॉवरमध्ये गेला. गिऱ्हाईक फोनवर मापं सांगे, बाई दुकानात बसून भरत. भिंतीला बोट लावायला वेळ कुणाला होता?

एक दिवस भुजंगराव आले. बेदाण्याचे मोठे व्यापारी. त्यांनी नवं शेड बांधलं होतं. तिथे साठ बायका बसून बेदाणा निवडणार होत्या. काडी, देठ, काळा मणी वेगळा काढायचा. नजरेचं काम. वैजयंताबाईंनी मापं भरली, दिवे ठेवले. चौतीस दिव्यांवर सगळे आकडे हिरवे झाले.

"चौतीस? येवढे कशाला?" भुजंगराव म्हणाले. "चोवीस करा."

बाईंनी दहा दिवे काढले. पडदा लालेलाल झाला.

भुजंगरावांनी तोंड वाकडं केलं. ते खुर्चीवरून उठायला लागले. माणिकशेठ घाईनं पुढे आला. तो बाईंच्या कानाशी वाकला. "भिंतींचा रंग काय भरलाय?"

"सिमेंटचा. करडा."

"पांढरा करा. पांढऱ्यावर उजेड वाढतो."

"भिंती पांढऱ्या करणार आहेत का ते?"

"पडद्यावर करा हो! आणि ती धूळ कशाला भरलीय? काढून टाका."

बाईंचा हात थांबला. त्यांना कळत होतं. अगदी स्वच्छ कळत होतं. पण भुजंगराव उभे होते, शेठ टक लावून बघत होता, आणि करायचं काय होतं? माऊसच्या दोन टिचक्या! त्यांनी त्या मारल्या. पडद्यावरचं शेड दुधासारखं पांढरं झालं, धूळ नाहीशी झाली, आणि चोवीस दिव्यांवर आकडे पटापट हिरवे होत गेले.

पूर्वी खोटा नकाशा काढायचा म्हटलं तर आठ दिवस खोटं बोलत बसावं लागलं असतं. आठ दिवसांत माणसाला एकदा तरी लाज वाटते. टिचकी वाजवायच्या वेळात लाज यायची तरी कधी?

कागद छापून बाहेर आला. खाली लिहिलं होतं, 'निवडकामास उजेड पुरेसा आहे.' त्याखाली वैजयंताबाईंची सही. भुजंगराव इतके खूश झाले की त्यांनी तो कागद काचेच्या चौकटीत घालून शेडच्या भिंतीवर लावला. करड्या भिंतीवर, बरं का.

सहा महिने गेले. एके दुपारी दुकानात एक बाई आली. साठीच्या घरातली, पदर खोचलेला, हाताची बोटं बेदाण्यानं चिकट झालेली.

"नकाशावाल्या वैजयंताबाई तुमीच का?"

"हो. बसा."

"बसाय न्हाई आले. इचाराय आले. मी गौराक्का. भुजंगरावाच्या शेडात बेदाणा निवडते. तीस वर्सं झाली. दुसऱ्याच्या ताटात पडलेली काडी मला दिसायची. आता माझ्याच ताटात ऱ्हातीया. दोनदा घावली. तिसऱ्यांदा घावली की नजर गेली म्हणून घरी बसवत्यात. दोघी बसल्या बी. सोमवारी माझं ताट तपासणार हाईत."

"डोळे तपासलेत?"

"तपासलं की! डॉक्टर म्हणला, आक्का, तुमचे डोळे सुनंपेक्षा बरे हाईत. मालकाला म्हणलं उजेड कमी हाय, तर मालक भिंतीवरचा कागद दाखवतोय. म्हणतोय, शिकल्या-सवरल्या बाईनं सही केलीया, ती खोटी का तू खोटी?" गौराक्का थांबली. मग तिनं सरळ बाईंच्या डोळ्यांत बघितलं. "तर सांगा बाई. मी खोटी हाय का?"

वैजयंताबाई ते चोवीस दिवे विसरल्या नव्हत्या. फक्त त्यांची आठवण काढत नव्हत्या, एवढंच. आपल्या दोन टिचक्यांनी दोन बायकांचे डोळे कागदोपत्री घालवले, आणि तिसरी समोर उभी राहून जाब विचारते आहे, हे त्यांना कळलं आणि त्यांची मान खाली गेली.

"नाही आक्का," त्या म्हणाल्या. "खोटी मी आहे. सोमवारी मी येते."

हे माणिकशेठनं ऐकलं. गौराक्का गेल्यावर तो उसळला. "डोकं फिरलंय का तुमचं? आपलाच नकाशा खोटा म्हणून आपणच सांगायचं? उद्या कुत्रं फिरकणार नाही दुकानात! सोमवारी तिकडं गेलात, तर मंगळवारी इकडं यायचं नाही."

"दुकान तुमचं आहे शेठ," वैजयंताबाई म्हणाल्या. "सही माझी आहे." आणि त्यांनी ड्रॉवर उघडून टेप बाहेर काढला.

सोमवारी सकाळी त्या शेडात गेल्या. एका हातात लॅपटॉप, दुसऱ्या हातात उजेड मोजायचं छोटं यंत्र. आत पाऊल टाकलं आणि त्यांना सगळं दिसलं. भिंती करड्या, त्यावर धुळीचा थर. दिव्यांवर चिकट पिवळा लेप. आणि ज्या जागी पडद्यावर मोकळं मैदान होतं, तिथे निळ्या क्रेटच्या थप्प्या, माणसापेक्षा उंच. त्या थप्प्यांच्या सावलीत बायका खाली मान घालून निवडत होत्या. नकाशात एकही क्रेट नव्हता. बाईंनी तो भरलाच नव्हता, कारण त्यांनी तो बघितलाच नव्हता. हे पाप शेठचं नव्हतं, त्यांचं स्वतःचं होतं.

भुजंगराव आले. "या या मॅडम! बरं झालं आलात. सांगा या बायांना, उजेड पुरेसा हाय म्हणून."

बाई गौराक्काशेजारी जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि ते यंत्र तिच्या ताटात ठेवलं. कागदावर उजेडाचा आकडा होता पाचशे. ताटात निघाला एकशे नव्वद.

"यंत्र बिघडलं असंल," भुजंगराव म्हणाले.

"मग यंत्र नको." बाईंनी लॅपटॉप उघडून एका उपड्या क्रेटवर ठेवला. पडद्यावर तेच पांढरंशुभ्र शेड, हिरवेगार आकडे. "बायांनो, या सगळ्या. हे तुमचं शेड आहे. यात काय काय चुकलंय ते सांगा. तुम्ही सांगायचं, मी भरायचं."

बायका गोळा झाल्या, पण बघत होत्या मालकाकडे. मालक समोर उभा होता ना! मग गौराक्काच म्हणाली, "भिताडं अशी पांढरी कुठं हाईत?" बाईंनी भिंती करड्या केल्या. आकड्यांची एक रांग लाल झाली.

"धूळ हाय की," दुसरी म्हणाली. आणखी दोन रांगा लाल.

"आन् क्रेट? क्रेट कुठं हाईत?" मागून एकदम चारपाच जणी ओरडल्या. "हितं धा थर! हितं बारा! त्या कोपऱ्यात पार छताला टेकल्यात!"

बाई भरत गेल्या. दिवा ठेवल्याबरोबर आकडा बदलायचा, तसाच क्रेट ठेवल्याबरोबर बदलत होता. ज्या वेगानं खोटं झालं होतं, त्याच वेगानं ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उलटत होतं. पाच मिनिटांत पडदा मिरचीसारखा लाल झाला.

भुजंगरावांचा चेहराही लाल झाला. पण असली माणसं सहजासहजी हार मानतात होय? "कागद चुकला असंल," ते म्हणाले. "पर म्हणून हिची नजर गेलीया ते काय खोटं हाय? आज हिचं ताट तपासायचा वार हाय."

"तपासा की," गौराक्का उठून उभी राहिली. "पर आदी तुमी बसा मालक."

"मी?"

"व्हय, तुमी. माझ्या जागंवर. तुमच्याच दिव्याखाली. एक ताट निवडा. का भ्या वाटतंय?"

सगळ्या बायका बघत होत्या. भुजंगराव बसले. न बसून सांगतील कुणाला? पंधरा मिनिटं त्यांनी डोळे ताणून ताट निवडलं. घाम पुसला, पुन्हा निवडलं. "घे. एक काडी ऱ्हायली न्हाई."

गौराक्कानं ते ताट उचललं आणि सरळ दाराबाहेर उन्हात नेलं. सगळ्या तिच्यामागे. तिनं बोटं फिरवली आणि एकेक काडी मालकाच्या तळहातावर ठेवत गेली. एक. दोन. पाच. नऊ. आणि वर दोन काळे मणी.

"तिनावर घरी बसवायचा नेम हाय न्हवं?" गौराक्का म्हणाली. "मग मालक, उद्यापासनं तुमी येऊ नका."

बायका इतक्या हसल्या की रस्त्यावरची माणसं थांबली. भुजंगरावांनी आधी डोळे वटारले. मग तळहातावरच्या काड्या बघितल्या. त्या काही केल्या खोट्या ठरेनात. शेवटी त्यांनी त्या झटकल्या आणि खालच्या आवाजात विचारलं, "किती दिवे लागतील?"

"मला एकटीला विचारू नका," वैजयंताबाई म्हणाल्या. "इथे बसणाऱ्यांना विचारू."

मग तिथेच, जमिनीवर बसून, नवा नकाशा झाला. बाई पडद्यावर दिवा ठेवायच्या आणि बायका सांगायच्या. "तिथं नगं, पाठीमागनं आला तर आमच्याच हाताची सावली ताटात पडती." दिवा पुढे आला. "थप्पी या भिताडाला लावली तर?" थप्पी तिकडे गेली. "वाईच खाली टांगा." दिवा खाली आला. भिंतींना खरोखरचा चुना द्यायचं ठरलं, महिन्यातून एकदा दिवे पुसायचं ठरलं. पाऊण तासात सगळं झालं. चौतीससुद्धा लागले नाहीत, एकतीसच पुरले. पडदा पुन्हा हिरवा झाला आणि या वेळी कुणाला काही लपवावं लागलं नाही.

मग वैजयंताबाई उठल्या. भिंतीवरची चौकट उतरवली, जुना कागद काढला आणि आपल्या सहीवरून उभा फाडला.

पंधरा दिवसांत शेड उजळलं. घरी बसवलेल्या दोघी परत आल्या. त्यांना परत बोलावल्याशिवाय आपण ताटाला हात लावणार नाही, असं गौराक्कानं मालकाला ठणकावलं होतं.

त्या सोमवारनंतर, मंगळवारी, वैजयंताबाई दुकानात गेल्या नाहीत. माणिकशेठ बोलल्याप्रमाणे वागला. आता त्या स्वतःच्या घराच्या ओट्यावर बसून तेच सॉफ्टवेअर चालवतात. नकाशा अजून पाऊण तासातच होतो. पण त्याआधी एक अख्खा दिवस त्या जागेवर जाऊन बसतात, तिथे काम करणारी बसतात तिथेच. कुणी म्हणालं, "बाई, जरा भिंती पांढऱ्या करा की," तर त्या त्याच्या हातात चुन्याची बादली देतात. काही गिऱ्हाइकं रागावून जातात. जाऊ देत!

नव्या दिव्यांच्या पहिल्या दिवशी शेडात भुजंगराव रिकामी चौकट घेऊन वैजयंताबाईंपुढे आले होते. "मॅडम, नवा कागद द्या सही करून. भिंतीवर लावतो."

बाई काही बोलायच्या आत गौराक्कानं ताटातून मान वर केली.

"कागुद कशाला पायजे मालक?" ती म्हणाली. "उजेड दिसतोय की."

तात्पर्य: झटपट काम करणारं हत्यार जरूर वापरावं, पण वाचलेला वेळ खरं बघण्यात घालवावा, आणि कुणी खोटं भरायला सांगितलं तर सांगणारा कितीही मोठा असो, बेधडक नाही म्हणावं, कारण आपल्या एका खोट्या सहीनं दुसऱ्याचे चांगले डोळे आंधळे ठरतात.