आवडूने न काढलेले डोळे

आमच्या गावात वाळूवर टापखेकडा काढतात, पण त्याला डोळे काढायचे नाहीत. का, असं विचारायचं नाही. विचारलं की ही गोष्ट सांगतात.

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता तेव्हा, गावात आवडू नावाची चितारीण होती. ती होड्यांच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, डोळे काढायची. तिने डोळे काढलेली होडी धुक्यातही घर शोधत यायची, असं म्हणतात. डोळे नेहमी शेवटी. ते काढल्याशिवाय काम पुरं झालं, असं चितारी मानत नाहीत.

एकदा एक गोरा साहेब गलबतातून उतरला. त्याच्या पिंपात पूर्वेच्या समुद्रातला एक जिवंत प्राणी होता. तोच टापखेकडा: घोड्याच्या टापेसारखा, पाठीवर कवच, मागे दाभणासारखी शेपटी. साहेबाचा चित्रकार तापाने वाटेतच गेला होता. त्याच्या जागी साहेबाने आवडूला चित्र काढायला बसवलं. चित्र पुरं झालं की प्राणी दारूच्या बरणीत बुडवून विलायतेला जाणार होता.

आवडूने कवच काढलं, पाय काढले, शेपटी काढली. डोळे काढेना. साहेबाने विचारलं की म्हणायची, "अजून सापडतायत." आणि खरंच सापडत होते. दोन बाजूंना, मग पाठीवर बारके, मग पोटाखाली. तिचा हात जाईल तिकडे तो प्राणी वळायचा, असं म्हणतात.

शेवटी साहेब चिडला. चित्र होईपर्यंत एकही होडी सुटणार नाही, म्हणाला. चुली थंड पडल्या. गावचे जाणते आवडूच्या दारात आले.

"काढ गो डोळे. एका किड्यापायी गावाक उपाशी मारतलस?"

"किडो नाय तो," आवडू म्हणाली. "माझ्याकडे बघता."

त्या संध्याकाळी तिने त्याला टोपलीत घेतलं आणि खाडीत सोडून दिलं. साहेबाची माणसं मागे लागली. आवडू दारोदार धावली. एकेका दाराची कडी आतून लागत गेली. मग ती पाण्याकडे वळली.

त्या प्राण्याने तिला पाठीवर घेऊन तळाशी नेलं, असं म्हणतात. कोण म्हणतात? कड्या लावणारेच.

साहेब अर्धं चित्र घेऊन गेला. ते मी कॉलेजच्या लायब्ररीत एका जुन्या ग्रंथात पाहिलंय. कवचाच्या कडेच्या काट्यांवरची सावलीसुद्धा नीट दिसते. डोळ्यांच्या जागी कोरा कागद. खाली साहेबाचं नाव.

अजूनही दर वर्षी होड्या पाण्यात लोटण्याआधी आवडूच्या नावाने चिताऱ्यांची एक मुलगी ओल्या वाळूवर टापखेकडा काढते, बिनडोळ्यांचा. मग सगळे घरी जाऊन कड्या लावतात आणि भरती चित्र पुसून टाकते. डोळे काढले तर आवडू बघेल, असं म्हणतात. कुणाला बघेल, ते सांगत नाहीत.

यंदा पाळी माझी होती. मी कवच काढलं, पाय काढले, शेपटी काढली. मग बाजूचे दोन डोळे काढले. मग पाठीवरचे बारके.

"पूस गो ते," मागे उभे असलेले माझे आबा म्हणाले. "कॉलेजात हेच शिकवलानी तुका?"

"पुसणार नाही, आबा. आणि आज घरी गेलात तर दारं उघडी ठेवा. येऊ दे तिला."

आबांनी बाकीच्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं. ते सगळे वाळूकडे बघत होते. पाणी चढत होतं, आणि अजून कुणी घराकडे वळलं नव्हतं.