हात सैल सोडा, दादा

पूर्णेच्या काठावरच्या सावरटाकळीत शेषगीर महाराज चातुर्मासापुरते आले आणि गावाच्या मायेने तिथलेच झाले. त्यांच्या मठाचे अंगण रोज सकाळी भिकोबा कासार झाडून काढी. मग बांगड्यांची पेटी पाठीला लावून तो वस्त्यांवर फिरे. चुडा चढवताना त्याच्या तोंडी एकच वाक्य असे, "हात सैल सोडा, ताई." त्याच्या हातून कुणा लेकीबाळीच्या मनगटाला ओरखडा म्हणून उमटला नाही.

चैत्रात त्याची बायको बाळंतपणात गेली. मागोमाग तान्हे मूलही गेले. गाव तेराव्यापर्यंत आले आणि आपापल्या कामाला लागले. भिकोबा अंगण झाडत राहिला. श्रावण सरता सरता त्याने आपला जीव संपवायचा प्रयत्न केला. शेजाऱ्यांना वेळेवर कळले, म्हणून वाचला.

वाचला खरा, पण वाचलेला भिकोबा गावाला नकोसा झाला. बायका त्याच्यापुढे हात करीनात. त्याला टाळण्यात सर्वांत पुढे होता तुळाजी भोई. गावची नाव त्याची, आणि नदीच्या बाबतीत त्याचा शब्द अखेरचा. भोयांत एक जुनी समजूत होती, की मरणाच्या दारातून परतलेल्याला नावेत घेऊ नये. मधल्या धारेत नदी तो माणूस मागते आणि जोडीला आणखी एक नेते.

"यमानं परत धाडलं त्याला मी कशाला घेऊ?" तुळाजी धक्क्यावर म्हणे आणि लोक हसत.

सर्वांत मोठ्याने तुळाजीच हसे, कारण त्याला एक गोष्ट विसरायची होती. त्या घटनेच्या आदल्या संध्याकाळी भिकोबा धक्क्यावर आला होता. "तुळाजीदादा, जरा बसता का?" तुळाजी दोर गुंडाळत होता. "दिवसभर बायकांचे हात धरतोस, आता माझा धरायचाय व्हय रे?" भिकोबाही हसला होता. थोडा वेळ पाण्याकडे बघत बसला आणि उठून गेला. तुळाजीने हे कुणालाच सांगितले नव्हते.

भाद्रपदात भिकोबाला ताप भरला. अन्न जाईना, झोप लागेना. महाराज स्वतः त्याच्या खोपटात गेले. कुणी म्हणाले, "महाराज, चिमूटभर अंगारा लावा, उठून बसेल."

महाराज म्हणाले, "अंगारा लावीन, पण याला दवाखान्यात न्यायचं आहे." मग भिकोबाच्या उशाशी बसून हळूच म्हणाले, "रोज माझ्या दारात तुझा झाडू वाजत होता, बाबा. तो कधी मंदावला, मला कळलं नाही. मी कीर्तनं करत बसलो." संतांच्या डोळ्यांत पाणी आले!

दवाखाना नदीपलीकडे होता. भिकोबाला घोंगडीत गुंडाळून धक्क्यावर आणले. पूर्णा दोन्ही काठ भरून वाहत होती.

"महाराज, नाव तुमचीच आहे," तुळाजी म्हणाला, "पण हा चढायचा नाही."

"मग मी वल्हवतो."

"वल्हं कुठून धरतात, ठावं हाय का?"

"नाही. तू शिकव."

लोक हसले. या वेळी ते तुळाजीला हसले. तो चिडून नावेत चढला. "चला तर! नदीनं मागितलं म्हणजे मला बोल लावू नका."

मधल्या धारेत वाहत आलेला झाडाचा बुंधा नावेवर आदळला. नदीने मागितले, पण मागितले ते तुळाजीलाच! तो तोल जाऊन पाण्यात पडला. जन्माचा पोहणारा, पण बुंध्याच्या पाण्याखालच्या फांदीत पाय अडकला. ज्याला उठून बसवत नव्हते त्या भिकोबाने घोंगडी फेकली आणि नावेच्या कडेला झेप घेऊन त्याचे मनगट पकडले. भीतीने तुळाजी हिसके देऊ लागला. नाव कलंडू लागली.

महाराजांनी वाकून पाण्यावर तळवा ठेवला. "माय, थोडी थांब."

आणि काय सांगावे! दोर नाही, नांगर नाही, तरी नाव धारेत जागच्या जागी उभी राहिली. दोन्ही बाजूंनी लोंढा वाहत होता आणि नावेभोवतीचे पाणी विहिरीसारखे निवांत होते. काठावरचे लोक हात जोडून बघत राहिले. त्या शांततेत तुळाजीच्या कानावर ओळखीचा, मऊ आवाज आला.

"हात सैल सोडा, दादा. मी धरलंय."

तुळाजीने हात सैल सोडला. त्याचा पाय फांदीतून सुटला आणि महाराजांनी व भिकोबाने मिळून त्याला आत ओढले.

दवाखान्यात महाराजांनी सारे सांगितले, पण डॉक्टरांनी भिकोबाला 'असं का केलंस' म्हणून दटावले नाही. झोप लागते का, जेवण जाते का, पुन्हा तसे विचार येतात का, असे शांतपणे विचारले. भिकोबाने पहिल्यांदाच कुणाला तरी "येतात" असे सांगितले. डॉक्टरांनी त्याला ठेवून घेतले. बाहेर येऊन ते म्हणाले, "औषध मी देतो. बरा झाल्यावरही याला नेमानं आणा. एकटं ठेवू नका. बोलेल तेव्हा नुसतं ऐका."

ओसरीवर तुळाजीने ओल्या कपड्यांनीच महाराजांचे पाय धरले. "महाराज, तुम्ही नदी थांबवलीत!"

महाराज म्हणाले, "ती माय आहे, थांबली. त्या संध्याकाळी तू थांबला असतास, तर तिला कशाला थांबावं लागलं असतं?"

तुळाजीच्या अंगावर सर्रकन काटा आला. महाराजांनी त्याला उठवले आणि आतल्या खाटेकडे बोट दाखवले.

तुळाजी आत गेला. खाली बसून त्याने भिकोबाच्या पायांवर डोके ठेवले. भिकोबा पाय ओढून घेऊ लागला. "दादा, हे काय!"

"त्या दिवशी तुला काय सांगायचं होतं?"

भिकोबाने नजर भिंतीकडे वळवली. "आता नीट आठवत नाही."

"आठवंल तसं सांग. मी बसलोय."

गावाकडच्या काठावरून उतारू नावेसाठी हाका मारत होते. आयुष्यात पहिल्यांदा तुळाजी हाकेला उठला नाही.